भिंत उभी आहे तोवर: डिजिटल प्रतिमेची गुणवत्ता मोजताना

पेडणे तालुक्यातल्या मोरजीत मोरजाईचं देऊळ आहे आणि त्या देवळात कावीचं काम आहे. शिंपल्यांचा चुना, धुतलेली वाळू आणि गूळ मुरवून, कुटून केलेला पांढरा गिलावा. त्यावर जांभ्या मातीतून मिळणाऱ्या तांबड्या रंगाचा थर. आणि तो थर ओला आहे तोवर पोलादी टोकाने खरवडत, खालचा पांढरा उघडा करत काढलेली वेलबुट्टी. वर्तुळाला कंपास, शेवटी गुळगुळीत दगडाने घोटाई. गोवा, सिंधुदुर्ग आणि कर्नाटकाचा किनारा एवढ्या पट्ट्यातली ही कला. तिच्यात रंग दोनच. मधली छटा नाही. कारागिराने खरवडलं तिथे रेघ आहे, खरवडलं नाही तिथे रेघ नाही.

डिजिटल प्रतिमा चांगली की वाईट हे आकड्यांत कसं मोजायचं आणि तीच प्रतिमा वेगवेगळ्या रिझोल्यूशनला नेली की तो आकडा का बदलतो, हा या पुस्तकाचा विषय. त्याची सुरुवात कावीपासून केली आहे, कारण कॅमेरा, फोन आणि फाइल लहान करणारी तंत्रं जिथे जिथे चुकतात ती सगळी ठिकाणं या एका भिंतीवर सापडतात. धारदार कडा, बारीक रेघा, पुन्हा पुन्हा येणारी नक्षी, सभामंडपातला मंद उजेड, आणि तांबडा रंग. डोंगरदऱ्यांच्या किंवा माणसांच्या फोटोत जे बिघाड सहज लपतात ते इथे लपत नाहीत.

दुसरंही कारण आहे. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. डिचोली १७८१च्या सुमारास पोर्तुगिजांकडे गेली, पेडणे १७८८मध्ये. तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतली देवळं सोळाव्या शतकात पाडली गेली. या तालुक्यांवर तो अंमल आला तेव्हा ती लाट ओसरली होती. म्हणून इथे जुनी देवळं राहिली, मोडी कागद राहिले, गावकीचे मान राहिले. डिचोलीतलं नार्वे हे तर या इतिहासाचं जिवंत पान. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर मूळ देऊळ मोडल्यावर नदीपलीकडे नार्व्याला आणला गेला, आणि त्या देवळाची उभारणी छत्रपती शिवाजी महाराजांनी १३ नोव्हेंबर १६६८ रोजी सुरू केली, असं तिथला शिलालेख सांगतो. गोव्यात डोळ्यांनी पाहण्याजोगं जे जुनं उरलं आहे त्याचा मोठा वाटा या उत्तरेकडच्या पट्ट्यात आहे, आणि त्याची चित्रं कशी घेतली जातात याची काळजी आपण पुरेशी केलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. चुन्याच्या गिलाव्याला ओल धरते, शेवाळ चढतं, पापुद्रे सुटतात. देऊळ हे वापरातलं घर आहे. गळणारं छप्पर बदलावंच लागतं, मंडप मोठा करावाच लागतो. जीर्णोद्धाराचा निर्णय घेणाऱ्या महाजनांना आणि गावकारांना दोष देणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. तरीही परिणाम दिसतो तो असा, की कावीच्या भिंतीच्या जागी ऑइलपेंट येतो, फरशी येते, संगमरवर येतो. कृष्णानंद कामत यांनी फिल्मच्या काळात कोकणपट्टीतल्या कावीची छायाचित्रं घेतली, तिच्याविषयी लिहिलं. सागर मुळे यांच्यासारखे कलावंत आज ही कला पुन्हा हातात घेत आहेत, आणि हातात घेणाऱ्याला जुनी रेघ कशी होती हे पाहायला लागतं. भिंत गेली असेल तर तो फोटोकडे वळतो. त्या क्षणी फोटोची गुणवत्ता हा हौसेचा प्रश्न उरत नाही.

हल्ली फोटोंची कमतरता नाही. जत्रेच्या एका रात्रीत एकेका देवळाचे शेकडो फोटो निघतात. त्यातले बहुतेक व्हॉट्सॲपवरून फिरतात, आणि तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलांवर येते. फोनच्या पडद्यावर तो फोटो उत्तमच दिसतो. ‘उत्तम दिसतो’ आणि ‘भिंतीवर होतं ते त्यात आहे’ या दोन वाक्यांमधलं अंतर मोजायला शिकणं, एवढ्यासाठीच पुढची प्रकरणं लिहिली आहेत.

१९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून १७६ गुणिले १७६ पिक्सेलांची प्रतिमा केली. डिजिटल प्रतिमेचा इतिहास तिथून सांगितला जातो. तिची गुणवत्ता मोजण्याचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वाधिक वापरात असलेला मार्ग अंकगणिताचा आहे: मूळ प्रतिमा आणि बिघडलेली प्रतिमा शेजारी ठेवा, एकेका पिक्सेलमधला फरक काढा, त्याचा वर्ग करा, सरासरी घ्या. त्या सरासरीवरून डेसिबलमध्ये जो आकडा निघतो त्याला पीएसएनआर म्हणतात. जितका मोठा तितका चांगला. तो काढायला सोपा आहे, म्हणून टिकला.

तो कावीपुढे कसा तोकडा पडतो ते एका हिशोबात दिसतं. भिंतीच्या फोटोत पांढऱ्याची किंमत २३० धरू, तांबड्याची ८०; पट्टी ० ते २५५. पहिल्या प्रतीत काहीच बिघडलेलं नाही, फक्त सगळा फोटो १० अंकांनी उजळ झाला आहे. फरकाचा वर्ग प्रत्येक पिक्सेलला १००, सरासरीही १००. पीएसएनआर सुमारे २८.१ डेसिबल. दुसऱ्या प्रतीत उजेड तंतोतंत आहे, पण वेलीची एक बारीक पांढरी रेघ पुसली गेली आहे. ती रेघ फोटोच्या क्षेत्रफळाचा हजारात चार भाग व्यापते. तेवढ्या पिक्सेलांत फरक १५०, वर्ग २२,५००. हजारात चार म्हणून सरासरी ९०. पीएसएनआर सुमारे २८.६. म्हणजे ज्या प्रतीत वेलच तुटली ती या मापाने सरस ठरते. पहिली प्रत कोणीही क्षणात दुरुस्त करू शकतो. दुसरीतली वेल परत येत नाही.

हा दोष अभ्यासकांना फार पूर्वीच दिसला होता. २००४ साली झोउ वांग, ॲलन बोविक, हमीद शेख आणि ईरो सिमोन्सेली यांनी एसएसआयएम हे माप मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाचा डोळा पिक्सेल मोजत नाही, तो रचना पाहतो. म्हणून प्रतिमेवरून एक लहान खिडकी सरकवत न्यावी आणि प्रत्येक जागी तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: उजेड तोच आहे का, उठाव तोच आहे का, आणि शेजारच्या पिक्सेलांचे एकमेकांशी असलेले संबंध तेच आहेत का. तिन्हींचा गुणाकार एकच्या जवळ आला की प्रत मुळाजवळ. उजेड सगळीकडे सारखा वाढला तर या मापाला फारसा फरक पडत नाही. वेल पुसली गेली की त्या खिडक्यांमध्ये ते कोसळतं. ते इतकं सर्वत्र रुजलं की २०१५ साली त्याच्या कर्त्यांना दूरचित्रवाणीतल्या तांत्रिक कामगिरीचा एमी पुरस्कार मिळाला.

पण या पुस्तकाला अधिक महत्त्वाचं वाटतं ते त्याच गटातल्या तिघांनी एक वर्ष आधी, २००३ साली मांडलेलं भावंड: अनेक पातळ्यांवरचं एसएसआयएम. प्रतिमा आहे तशी तपासायची, मग निम्मी करून तपासायची, मग पुन्हा निम्मी, अशा पाच पातळ्या. प्रत्येक पातळीला वेगळं वजन. ही वजनं त्यांनी माणसांना चित्रं दाखवून ठरवली, आणि ती डोळ्यांखालून घालण्यासारखी आहेत. सर्वांत बारीक पातळीला ०.०४४८, त्यानंतर ०.२८५६, ०.३००१, ०.२३६३ आणि सर्वांत ढोबळ पातळीला ०.१३३३.

पहिला आकडा पुन्हा पाहा. पूर्ण रिझोल्यूशनला जे दिसतं त्याला शंभरात पाचपेक्षाही कमी वजन. नेहमीच्या अंतरावरून पडदा पाहणाऱ्या माणसासाठी हे अगदी बरोबर आहे. तो तपशील त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. पण कारागिराच्या पोलादी टोकाची रेघ, तिची सुरुवात, तिचा थांबा, हात कुठे वळला ती खूण, हे सगळं त्याच पाच टक्क्यांत राहतं. जगभर मानलं जाणारं माप आपल्या कामाच्या गाभ्याला जवळजवळ शून्य गुण देतं. मापात चूक नाही. ते दुसऱ्या कुणासाठी, दुसऱ्या अंतरावरून तयार केलेलं आहे. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं: गुणवत्तेचा आकडा सांगताना कुणी, किती अंतरावरून आणि कशासाठी पाहायचं हे सांगितलं नाही तर तो आकडा अर्धाच आहे.

अंतराचा हिशोब करून पाहू. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एक कला इतका फरक वेगळा दिसतो. देवळाच्या अंगणातून, १० मीटरवरून, हा कोन भिंतीवर सुमारे २.९ मिलिमीटर भरतो. सभामंडपात ३ मीटरवर उभं राहिलं की ०.८७ मिलिमीटर. आणि भिंतीला भिडून काम करणाऱ्या कारागिराच्या डोळ्यापासून, अर्ध्या मीटरवर, सुमारे ०.१५ मिलिमीटर. एकच भिंत, तीन माणसं, आणि त्यांना दिसणाऱ्या बारकाव्यात वीस पटींचा फरक. अंगणातला भाविक, मंडपातला पाहुणा आणि भिंतीपाशी बसलेला चितारी यांच्यापैकी कुणाचा डोळा आपण फोटोत जपणार आहोत?

आता फोन घ्या. १२ मेगापिक्सेल, म्हणजे रुंदीला ४००० पिक्सेल. तीन मीटर रुंदीची भिंत एका फोटोत बसवली तर एका पिक्सेलच्या वाट्याला पाऊण मिलिमीटर येतो. एखादी रेघ शेजारच्या रेघेपासून वेगळी राहायची तर तिला आणि मधल्या जागेला किमान एकेक पिक्सेल हवा. म्हणजे दीड मिलिमीटरहून दाट नक्षी त्या फोटोत विश्वासाने येत नाही. तोच फोटो १६०० पिक्सेलांवर आला की ही मर्यादा पावणेचार मिलिमीटरवर जाते. म्हणजे पाठवलेल्या फोटोत अंगणातल्या भाविकाला दिसतं तेवढंही उरत नाही. आणि मर्यादेपलीकडची नक्षी नुसती नाहीशी झाली असती तर एक वेळ चाललं असतं. ती खोटं रूप घेऊन येते. दाट समांतर रेघांच्या जागी रुंद, लाटांसारखे पट्टे उमटतात, जे भिंतीवर कधीच नव्हते. कोरलेल्या काठपट्टीचा फोटो लहान करून पाहिला की हे पट्टे कुणालाही दिसतील. शंभर वर्षांनी तो फोटो पाहणाऱ्याला ती नक्षीच वाटेल.

चितारीच्या डोळ्याइतका तपशील हवा असेल तर एका पिक्सेलला ०.०७५ मिलिमीटर धरावा लागतो, म्हणजे ४००० पिक्सेलांत ३० सेंटिमीटर भिंत. हे प्रमाण इंचाला सुमारे ३४० पिक्सेल पडतं. कागदपत्रं स्कॅन करताना जो इंचाला ३०० पिक्सेलांचा दंडक सांगतात त्याच्या आसपासच. शेजारच्या चौकटी एकतृतीयांश एकमेकींवर चढवल्या तर तीन मीटरच्या भिंतीला एका ओळीत पंधराएक चौकटी लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण एका सकाळीत होण्यासारखं आहे, आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही.

इथे मेगापिक्सेलच्या आकड्यावर भाबडा विश्वास ठेवणाऱ्यांना थांबवायला हवं. पिक्सेलांची संख्या म्हणजे किती ठिकाणी नमुना घेतला याची मोजणी. त्या नमुन्यात तपशील किती आला हे भिंग, हाताचा कंप, उजेड आणि फोनच्या आतली प्रक्रिया ठरवतात. ते तपासायची रीत आयएसओ १२२३३ या मानकात दिली आहे आणि तिचा गाभा सोपा आहे. काळ्या-पांढऱ्याची सरळ, धारदार कड छापून भिंतीलगत किंचित तिरकी लावायची, फोटो घ्यायचा, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जायला फोटोत किती पिक्सेल लागले ते पाहायचं. कड तिरकी असल्यामुळे प्रत्येक ओळीत ती पिक्सेलला थोडी वेगळ्या जागी छेदते, आणि या साऱ्या ओळी जुळवून पिक्सेलहूनही बारीक मोजमाप मिळतं. याच मापाला ५० मेगापिक्सेलचा एखादा फोन १२ मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्यामागे राहू शकतो.

तांबड्याचा प्रश्न स्वतंत्र आहे, आणि कावीसाठी तो सर्वांत नाजूक आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंग ओळखण्यासाठी गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिचं पेटंट १९७६ सालचं. या जाळीत निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव निळ्या आणि पाव तांबड्या. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तांबडा प्रत्यक्ष मोजणाऱ्या जागा फक्त ३० लाख. उरलेल्या ९० लाख जागी तांबडा किती असावा हा अंदाज आहे. माणसाच्या डोळ्याला उजेडाचा तपशील प्रामुख्याने हिरव्यातून मिळतो, त्यामुळे ही विभागणी शहाणपणाचीच. पण जिथे अर्धी भिंत गडद तांबडी आहे तिथे हिरव्या आणि निळ्या जागांना जवळजवळ अंधार दिसतो, आणि सगळी भिस्त त्या पाव भागावर येते.

त्यानंतर जेपीईजी. १९९२ साली मानक झालेल्या या पद्धतीच्या मुळाशी जे गणित आहे ते मूळचे बंगळूरचे नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४मध्ये मांडलं. प्रतिमेचे ८ गुणिले ८ पिक्सेलांचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोन वेगवेगळ्या लहरींच्या बेरजेत मांडायचा, आणि डोळ्याला कमी जाणवणाऱ्या बारीक लहरी ढोबळ करायच्या किंवा टाकून द्यायच्या. आकाश, गाल, पानं यांना हे छान मानवतं. धारदार कडेला मात्र बारीक लहरी हव्याच असतात. त्या गेल्या की कडेभोवती डागांची झालर उमटते. शिवाय बहुतेक फोन रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी करून साठवतात, म्हणजे चार पिक्सेलांना मिळून एक रंग. उजेडाची माहिती पूर्ण राहते, म्हणून रेघ जागेवर दिसते. पण तांबड्याच्या मध्ये असलेली एक-दोन पिक्सेलांची पांढरी रेघ शेजारचा रंग ओढून घेते आणि गुलाबी होते. कावीत गुलाबी नसतो.

आणि मूळचं एसएसआयएम करड्या प्रतिमेवर चालतं, त्यामुळे हा गुलाबी त्याला दिसतच नाही. आकडा ०.९८ येईल आणि रंग खोटा असेल. म्हणून या पुस्तकात प्रत्येक ठिकाणी उजेडाचं माप आणि रंगाचं माप वेगळं दिलं आहे. एकत्र करून एकच गुण देण्याचा मोह कटाक्षाने टाळला आहे. ज्यांना एकच आकडा हवा असतो त्यांची गैरसोय होईल. ती व्हावी.

इथपर्यंतची मापं यंत्राची. अंतिम न्यायाधीश माणूसच, आणि त्याला विचारण्याचीही शिस्त आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी.५०० ही शिफारस १९७४पासून त्यासाठी वापरात आहे. निदान पंधरा पाहणारे, त्यांची दृष्टी आणि रंगज्ञान आधी तपासलेलं, खोलीतला उजेड आणि पडद्यापासूनचं अंतर ठरलेलं, आणि पाच पायऱ्यांचा शेरा: उत्कृष्ट, चांगलं, बरं, खराब, फार खराब. या शेऱ्यांची सरासरी म्हणजे त्या प्रतिमेचा कौल. नवं कुठलंही गणिती माप या कौलाशी किती जुळतं यावर त्याची पारख होते.

पण ही पारख कुठल्या चित्रांवर झाली? टीआयडी २०१३ या नावाजलेल्या संग्रहात २५ मूळ चित्रं आहेत. २४ प्रकारचे बिघाड, प्रत्येकाच्या पाच पायऱ्या, अशा ३००० प्रती. त्या पंचविसांतली चोवीस चित्रं कोडॅकच्या जुन्या संचातली: पोपट, दीपगृह, शिडाच्या होड्या, टोप्या. चित्रं सुंदर आहेत. त्यांत कावीची भिंत नाही, मोडीचा कागद नाही, जांभ्यावरची अक्षरं नाहीत. जी मापं मूळ प्रतिमा न पाहता थेट गुण देतात त्यांच्याबाबतीत ही उणीव आणखी बोचते. २०१२-१३च्या सुमारास अनीश मित्तल आणि सहकाऱ्यांनी दिलेली ब्रिस्क आणि नाइक ही मापं फार कल्पक आहेत: निसर्गातल्या फोटोंच्या उजेडात एक ठरावीक सांख्यिकी घडण असते, ती किती मोडली यावरून ती बिघाड ओळखतात. कावीच्या भिंतीत उजेडाच्या दोनच किमती. तिचा निर्दोष फोटोसुद्धा अशा मापाला अनैसर्गिक वाटू शकतो, आणि जरा धूसर केलेली प्रत अधिक बरी वाटू शकते. म्हणून कौल द्यायला बसवायची माणसं आणि दाखवायची चित्रं दोन्ही इथली हवीत. पंधरा पाहणाऱ्यांत कावीचा हात असलेला चितारी, देवळाचा पुजारी, मोडी वाचणारा, आणि शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर असावेत. त्यांना ‘छान दिसतं का’ असं विचारू नये. ‘ही वेल या फोटोवरून पुन्हा काढता येईल का’ असं विचारावं.

फोन हल्ली फोटो स्वतःहून सुधारतात. धूसर जागी धार आणतात, कमी पिक्सेलांतून जास्त पिक्सेल घडवतात. २०१८ साली योहाई ब्लाउ आणि तोमेर मिखाएली यांनी गणिताने दाखवलं की एका मर्यादेनंतर प्रतिमा डोळ्याला खरी वाटणं आणि ती मुळाशी इमानी असणं या दोन गोष्टी एकमेकींच्या जिवावर वाढतात. पावणेचार मिलिमीटरच्या मर्यादेत हरवलेली वेल फोनने भरून काढली तर ती देखणी असेल, धारदार असेल, गुणही भरपूर मिळवील. ती त्या भिंतीवरची मात्र नसेल. दस्तऐवज म्हणून घेतलेल्या फोटोवर अशी सुधारणा करणं मी गैर मानतो, आणि केलीच असेल तर ती फाइलच्या नावात लिहिलेली असावी.

नार्व्याच्या शिलालेखासारख्या कोरीव अक्षरांचा प्रश्न निराळा. तिथे रंग नाही, खोली आहे. समोरून फ्लॅश मारला तर अक्षरं सपाट होतात आणि दगडाचा खरखरीत पोत तेवढा धारदार दिसतो. यंत्राचं तीक्ष्णतेचं माप वर जातं आणि वाचता काहीच येत नाही. उजेड बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर टाकला की कमी पिक्सेलांतही अक्षर उभं राहतं. मोडीच्या कागदाचं तिसरंच: तिथे बोरूच्या रेघेची जाडी आणि दोन वळणांमधली पोकळी टिकली पाहिजे, नाहीतर अक्षर अक्षरात मिसळतं. अशा कागदांची सोपी कसोटी म्हणजे वाचणाऱ्याला प्रत द्यावी आणि तो कुठे अडतो ते मूळ कागदाशी ताडून पाहावं. या दोन्ही विषयांना स्वतंत्र प्रकरणं आहेत, म्हणून इथे विस्तार करत नाही.

सप्तकोटेश्वराच्या देवळाचं संवर्धन होऊन ते फेब्रुवारी २०२३मध्ये पुन्हा खुलं झालं. जतनाचं काम होतं तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ठेवण्याची पद्धत तरी असते. गावोगावच्या लहान देवळांत, घुमटींत, जुन्या घरांच्या पडव्यांत ती नसते. आणि इथे मोजमापाच्या शास्त्रातली एक साधी अट आपल्यावर वेळेचं बंधन घालते. पीएसएनआर असो, एसएसआयएम असो, ज्या मापांवर सर्वांत जास्त भरवसा ठेवता येतो त्यांना शेजारी ठेवायला मूळ लागतं. आपल्याकडे मूळ म्हणजे भिंत. ती आहे तोवर फोटो तिच्याशी ताडता येतो, चुकला तर पुन्हा घेता येतो. ती गेली की पुढे कितीही हुशार मापं निघाली तरी ती अंदाजच करतील.

म्हणून फोटोबरोबर भिंतीचीही नोंद करावी, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. चौकटीत मिलिमीटरची पट्टी आणि रंगांचे ठरावीक नमुने असलेलं कार्ड ठेवावं. वेलीतल्या तीन-चार रेघा निवडून त्यांची जाडी भिंतीवरच पट्टीने मोजावी आणि वहीत लिहावी: कुठली रेघ, किती मिलिमीटर, कॅमेरा किती अंतरावर, उजेड कुठून, तारीख कुठली. सेन्सरची कच्ची फाइल ठेवता येत असेल तर तीच मूळ प्रत मानावी. वाटायला जेपीईजी वेगळी काढावी आणि तिचा रंग अर्धा न करण्याची सोय असेल तर ती वापरावी. एक संच देवस्थानाकडे राहावा, कारण भिंत त्यांची आहे. पुढे कुणी त्या फोटोतली रेघ मोजली आणि ती वहीतल्या आकड्याशी जुळली नाही, तर प्रत कुठेतरी बिघडली हे भिंत नसतानाही कळेल.

हे सगळं करायला पाऊस थांबल्यानंतरचे महिने बरे. गिलावा कोरडा असतो आणि सकाळचा तिरपा उजेड मंडपात आतपर्यंत येतो. पहिल्या प्रकरणात फक्त एक काम दिलं आहे: कॅमेरा न काढता, हातात मोजपट्टी घेऊन, भिंतीपासून १० मीटर, ३ मीटर आणि अर्ध्या मीटरवर उभं राहायचं आणि प्रत्येक ठिकाणाहून कुठली रेघ दिसेनाशी होते ते लिहून काढायचं.